पियानोवरील दोन हात

चांदा आणि गडचिरोली या रानमुलखांत सुरांची पहिली ओळख बहुधा भजनाच्या पेटीवर होते. उजवा हात पट्ट्यांवर फिरतो, डावा भाता चालवितो. आवाज लहानमोठा करणें हें सर्वस्वीं भात्याचें काम. असा कसलेला पेटीवाला पियानोपुढें बसला, कीं पहिल्या घटकेलाच अडखळतो. तेथें भाता नाहीं, आणि डाव्या हाताला आतां स्वतःचे सूर आहेत.

पेटींत सर्व सुरांना एकाच भात्याचा वारा मिळत असल्यामुळें एक सूर मृदु व त्याच वेळीं दुसरा ठळक, असें सहसा साधत नाहीं. पियानोंत प्रत्येक पट्टीमागें निराळी हातोडी असते. पट्टी जितक्या वेगानें खालीं जाईल तितका तारेवरील आघात मोठा. इ. स. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथें बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यानें ही युक्ति योजिली. हातोडी एकदां मागें फिरली, कीं पट्टी कितीहि दाबली तरी आवाज वाढत नाहीं. पेटीवाल्याच्या बोटांना हें पटण्यास बरेच दिवस लागतात!

गांवच्या तबलजीला मात्र ही विद्या अर्धी अवगत असते. त्रितालाच्या ठेक्यांत दहाव्या मात्रेपासून तेराव्या मात्रेपर्यंत डग्ग्याचा घुमारा थांबतो, पण उजवा हात चालूच राहतो. चौदाव्या मात्रेला डग्गा परत बोलूं लागतो. हाच हिशेब पट्ट्यांवर मांडावा. डाव्या हातानें आळीपाळीनें षड्ज व पंचम, उजव्यानें एखादा साधा पलटा. त्या चार मात्रांत डावा हात न थांबवितां केवळ मृदु करावा. उजव्याचा जोर तिळभरहि कमी होऊं देऊं नये.

खरी अडचण येथेंच उभी राहते. एक हात हळू झाला, कीं दुसराहि नकळत मंदावतो. यावर उपाय असा, कीं डाव्या बोटांनीं पट्ट्यांना आवाज न काढतां नुसता स्पर्श करावा आणि उजव्यानें पूर्ण आवाजांत वाजवावें. हें अतिविलंबित लयींत जमलें, म्हणजे डाव्याला किंचित् बोलूं द्यावें. मग हातांची अदलाबदल करावी. इ. स. १७२३ मध्यें बाखनें विद्यार्थ्यांसाठीं सिद्ध केलेल्या दोन स्वरधारांच्या लहान रचना या पुढची पायरी होत. तेथें डावा हात साथीदार नसून बरोबरीचा गवई असतो.

ज्यांना पियानो मिळणें शक्य नाहीं, त्यांनीं विजेवरचा कीबोर्ड घेण्यापूर्वीं एकच पट्टी आधीं हळू व मग जोरानें दाबून पाहावी. आवाज दोन्ही वेळां सारखाच आला, तर त्या वाद्यावर हा अभ्यास वर्षभर केला तरी व्यर्थ जाईल.