सुट्टे मोजून घ्या

१ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हा माझे वडील दहा वर्षांचे होते. १९६२ साली ते याच एसटीत कंडक्टर म्हणून लागले आणि चौतीस वर्षांनी निवृत्त झाले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, नातवंडं आबा म्हणायची.

तेव्हा आजच्यासारखं तिकिटाचं यंत्र नव्हतं. पत्र्याच्या पेटीत वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांच्या गड्ड्या, हातात चिमटा आणि खांद्याला चामडी पिशवी. मुक्कामी गाडी असली की अण्णा गाडीतच आडवे व्हायचे, पैशांची पिशवी उशाला घेऊन. हिशेबात पैसे कमी पडले तर खिशातून भरायचे. दिवाळीत जादा गाड्या सुटत, त्यामुळे पहिल्या आंघोळीला ते घरी क्वचितच असत. ताईचं लग्न ठरलं त्या वर्षी तर त्यांनी किती डबल ड्यूट्या केल्या, याचा हिशेब फक्त आईलाच ठाऊक.

पण घरी आले की थकव्याचं नाव नाही. "लग्नाला आल्यासारखे दारात काय उभे राहताय, आत सरका, आत!" हे गाडीतलं वाक्य ते आम्हाला जेवायला बसवतानाही म्हणत. वाटीवर चमच्यानं दोनदा टण टण केलं की डबल बेल. मगच पहिला घास. मग दिवसभरातल्या प्रवाशांच्या गमती सुरू होत. आई हसता हसता भाकरी करपवायची.

आता एक गोष्ट सांगतो. ती मी अनेक वर्षं कुणालाच सांगितली नव्हती.

१९८४ साली मी साताऱ्यात कॉलेजात होतो. मित्रांना मी 'वडील एसटीच्या ऑफिसात असतात' असं सांगून ठेवलं होतं. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघे ढोल्या गणपतीला म्हणून वाईच्या गाडीत बसलो. कंडक्टर अण्णाच होते. त्यांच्या खाकी शर्टाच्या कोपराला आईनं लावलेलं ठिगळ होतं. त्यावरून एक मित्र काहीतरी बोलला, बाकीचे हसले. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

अण्णा जवळ आले. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बोला साहेब, कुठं जायचं?"

"वाई. चार," मी म्हणालो.

त्यांनी तिकिटं फाडली, चिमटा मारला, उरलेले पैसे हातावर ठेवले. "सुट्टे मोजून घ्या साहेब. मागनं तक्रार नको." आणि ते पुढच्या बाकाकडे वळले.

रात्री ते नेहमीसारखे जेवायला बसले. डबल बेल झाली. टोपलीतून सुटलेली कोंबडी पाचवडपर्यंत कशी गाडीभर फिरली, ते त्यांनी रंगवून सांगितलं. माझी गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे कधीच नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी माझ्या मुलाला पाढे शिकवले ते तिकिटांवर. जुन्या कॅलेंडरची तिकिटं कापायची, आजीला साताऱ्याहून वाईला पाठवायचं आणि सुट्टे परत द्यायचे. पोरगं गणितात पक्कं झालं.

ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षांवरच्या नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत झाला. अण्णा म्हणाले, "जन्मभर फुकटे पकडले, आता सरकारनं मलाच फुकट्या केलं!" त्यांना घेऊन मी मुद्दाम वाईच्या गाडीत बसलो. कंडक्टर तरुण होता. त्यानं शून्य रुपयांचं तिकीट दिलं. मी गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "हे माझे वडील. चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते."

त्या पोरानं वाकून नमस्कार केला. आता अण्णा खिडकीबाहेर पाहू लागले. पाचवड मागे पडल्यावर हळूच म्हणाले, "त्या दिवशी सुट्टे बरोबर दिले होते ना रे?"

"मोजले नव्हते, अण्णा," मी म्हणालो. पुढे मला बोलवेना. त्यांनी माझ्या गुडघ्यावर दोनदा थापटलं. डबल बेल.

२०२४ मध्ये अण्णा गेले. ते शून्य रुपयांचं तिकीट माझ्या पाकिटात आहे. त्यावरची शाई आता पार उडाली आहे. कोरा कागद दिसतो, पण तो काय आहे हे मला ठाऊक आहे.