पहिला थेंब तपासणीसाठी



अध्यक्षपदावरून शास्त्राच्या भवितव्याविषयी बोलायचा रिवाज आहे. मला आज फ्रीजरमधल्या एका लहानशा नळीविषयी बोलायचं आहे. तीत जेमतेम १०० मायक्रोलिटर द्रव असतो. मानवी नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे आपलं नेहमीचं एनजीएफ, ओळखणारी अँटीबॉडी असं तिच्यावर छापलेलं असतं. ते छापलेलं खरं आहे का, हे प्रत्येक प्रयोगशाळेनं स्वतः पडताळावं आणि त्या पडताळणीला संशोधनातच धरावं, एवढीच माझी मागणी आहे.

एनजीएफचीच निवड मी केली, कारण या प्रथिनाचा इतिहासच अँटीबॉडीच्या हातून घडला आहे. रीटा लेव्ही-मोन्तालचिनी या ज्यू असल्यामुळे १९३८च्या वंशभेदी कायद्यांनी इटलीत त्यांना विद्यापीठाची दारं बंद झाली. त्यांनी तुरीनच्या घरात, आपल्या झोपायच्या खोलीत कोंबडीच्या गर्भांवर काम चालू ठेवलं. १९४७मध्ये त्या अमेरिकेत सेंट लुइसला व्हिक्टर हँबर्गर यांच्याकडे गेल्या. उंदराच्या एका गाठीतून काहीतरी झिरपतं आणि चेतातंतू फोफावतात, हे त्यांच्या लक्षात आलं. ते ‘काहीतरी’ शुद्ध करण्याचं काम स्टॅन्ली कोहेन यांच्याकडे आलं. अर्कातली न्यूक्लिइक आम्लं मोडावीत म्हणून कोहेन यांनी त्यात सापाचं विष घातलं, तर परिणाम कितीतरी पटींनी वाढला. तो घटक विषातच होता! सापाची विषग्रंथी म्हणजे लाळग्रंथीचंच बदललेलं रूप. त्यामुळे त्यांनी उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या आणि नर उंदराच्या जबड्याखालच्या ग्रंथीत एनजीएफचं भांडार सापडलं. १९८६मध्ये दोघांना नोबेल मिळालं, हे आपण सारे जाणतोच.

त्याहून मला मोलाचा वाटतो तो १९६०चा प्रयोग. एनजीएफविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, सशात तयार करून ती नवजात उंदरांना टोचली, आणि त्यांच्या अनुकंपी चेतासंस्थेतल्या गुच्छिका जवळजवळ नाहीशा झाल्या. एनजीएफ दिलं की चेतातंतू वाढतात, हे तोवर ठाऊक होतं. त्याच्यावाचून त्या पेशी तगत नाहीत, हे अँटीबॉडीनं दाखवलं. प्रथिनातल्या अमिनो आम्लांचा क्रम त्यानंतर अकरा वर्षांनी, १९७१मध्ये उलगडला. इतकं सामर्थ्य ज्या साधनात आहे, ते चुकीच्या रेणूला चिकटत असेल तर आपली दिशाभूलही तेवढीच मोठी होणार.

ती कशी होते, हे समजायला आता जरा वेस्टर्न ब्लॉटकडे पाहू. परिपक्व एनजीएफचा पट्टा सुमारे १३ किलोडाल्टनला दिसायला हवा. इतकं लहान प्रथिन नेहमीच्या ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून सहज आरपार निघून जातं, म्हणून पडदा ०.२ मायक्रॉनचा घ्यावा आणि ट्रान्सफरची वेळ आवरती ठेवावी. तेवढं न करता ‘आमच्या नमुन्यात एनजीएफ नाही’ असं लिहिणं हा त्या नमुन्यावर अन्याय आहे. एनजीएफचं पूर्वरूप, प्रोएनजीएफ, वर २७ किलोडाल्टनच्या पुढेमागे दिसतं आणि त्यावर साखरेच्या साखळ्या असतील तर आणखी वर सरकतं. खरी मेख इथे आहे. समजा, अँटीबॉडी उंदरात बनवलेली आहे आणि नमुनाही उंदराच्याच ऊतीचा आहे. त्या ऊतीत रक्त उरलेलं असतं आणि रक्तात उंदराच्या स्वतःच्या अँटीबॉडीज असतात. उंदराच्या अँटीबॉडीला धरणारी आपली दुय्यम अँटीबॉडी त्यांनाही तितक्याच आवडीनं धरते. त्यांची हलकी साखळी कुठे येते? २५ किलोडाल्टनला. प्रोएनजीएफ म्हणून अत्यंत उत्साहानं दाखवला गेलेला पट्टा निव्वळ रक्ताचा असू शकतो. प्राथमिक अँटीबॉडी न घालता, फक्त दुय्यम घालून एक पट्टी चालवली की हे कळतं. ती पट्टी प्रबंधात क्वचितच दिसते.

ज्या पेप्टाइडवर अँटीबॉडी बनवली तेच आधी तिला पाजायचं, आणि पट्टा गेला की तिची ओळख पक्की समजायची, ही आपली आवडती पद्धत. मला ती अपुरी वाटते. अँटीबॉडी चुकीच्या प्रथिनाला चिकटत असेल तरी पेप्टाइडनं तिची जागा अडली की तोही पट्टा जाणारच. खरा कस लागतो तो एनजीएफचं जनुक बंद केलेल्या पेशींत. तिथेही पट्टा दिसला, तर तो एनजीएफचा नाही. शिवाय बीडीएनएफ आणि एनटी-३ या याच कुळातल्या प्रथिनांशी एनजीएफचं निम्म्याच्या आसपास साम्य आहे. ती शुद्ध स्वरूपात शेजारच्या पट्ट्यांत चालवून पाहावीत. आणि होकारार्थी नमुना म्हणून नर उंदराची तीच ग्रंथी आजही उत्तम आहे, मात्र मानवी एनजीएफसाठी बनवलेली अँटीबॉडी उंदराचं एनजीएफ ओळखते याची खात्री करूनच.

रुग्णांच्या रक्तात एनजीएफ मोजणाऱ्यांची जबाबदारी आणखी मोठी. तिथे गाठ पिकोग्रॅमशी असते. ब्लॉटवर चालणारी अँटीबॉडी एलायझा या मोजणीच्या चाचणीत चालेलच असं नाही. उकळून उलगडलेलं प्रथिन आणि आपल्या मूळ घडीत बसलेलं प्रथिन, दोन्ही तिला सारखीच दिसत नाहीत. एनजीएफला अडवणाऱ्या टॅनेझुमॅब या अँटीबॉडीनं संधिवाताच्या वेदना कमी होत होत्या, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्यानं झिजले. २०२१मध्ये अमेरिकेतल्या सल्लागार समितीनं तिच्या विरोधात कौल दिला आणि तिचा विकास थांबला. या रेणूची मोजणी माणसांच्या दुखण्याशी इतकी जवळून जोडलेली आहे.

विद्यार्थी पडताळणी का टाळतात, तेही मला ठाऊक आहे. नळी परदेशातून येते, कोरड्या बर्फात. ती कस्टममध्ये अडकली की जीव टांगणीला लागतो. किंमत हजारोंच्या घरात, आणि अनुदान संपत आलेलं. अशा वेळी ‘कंट्रोलवर थेंब कशाला घालवतोस?’ असं विचारणारा मार्गदर्शकच असतो. दोष मुलांचा नाही. अनुदानाच्या अर्जात अँटीबॉडी-पडताळणीचा स्वतंत्र खर्च मांडायला आपणच सुरुवात केली पाहिजे, आणि नळीचा लॉट क्रमांक प्रबंधात लिहिणं सक्तीचं केलं पाहिजे. लॉट बदलला की सशाची अँटीबॉडी बदलते, कारण ससाच बदललेला असतो.

आणि या नळ्या इथे का बनू नयेत? घोड्यांत सर्पविषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करण्याचा हाफकिन संस्थेचा अनुभव आपल्याच राज्यातला आहे. मानवी एनजीएफसारखी मोजकी प्रथिनं निवडून त्यांच्या मोनोक्लोनल अँटीबॉडीज दोन-तीन विद्यापीठांनी मिळून तयार कराव्यात, तपासाव्यात आणि त्यांचे सगळे निकाल, फसलेलेसुद्धा, सर्वांना खुले ठेवावेत. त्यासाठी ठराव मांडण्याची विनंती मी कार्यकारिणीला करत आहे.

उद्या सकाळी भित्तिपत्रकांचं सत्र आहे. ज्यांनी ब्लॉटचा फक्त कापलेला पट्टा लावला आहे, त्यांनी कृपया अख्ख्या पडद्याचं छायाचित्रही सोबत आणावं. त्यावर बोलायला मी दिवसभर तिथेच असेन.