सूचना मागवण्याआधी

(स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



सभासदांनी कल्पना मांडाव्यात, त्यांवर चर्चा व्हावी, यासाठी आपल्या संस्थेचे ऑनलाइन व्यासपीठ सुरू करण्याचा तुमचा मनोदय आहे. त्याचे मी स्वागत करतो. मात्र तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी कार्यकारिणीने स्वतःला काही प्रश्न विचारावेत.

आइसलँडचे उदाहरण बोलके आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये तेथील तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या आणि त्यांबरोबर राज्यकर्त्यांवरील विश्वासही. त्या मंथनातून निघालेल्या सिटिझन्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेने २०१० च्या नगरपालिका निवडणुकीच्या सुमारास राजधानी रेक्याविकमध्ये 'बेत्री रेक्याविक' म्हणजे 'अधिक चांगले रेक्याविक' हे व्यासपीठ खुले केले. त्याची रचना पाहा. प्रत्येक कल्पनेखाली अनुकूल आणि प्रतिकूल मुद्द्यांचे दोन स्वतंत्र रकाने. विरोधकाच्या मुद्द्याला तेथेच उलट उत्तर देता येत नाही. आपला युक्तिवाद आपल्या रकान्यात मांडावा लागतो. आपल्याकडील वादविवादांचा अनुभव असलेल्यांना या साध्या बंधनाचे मोल सांगावयास नको!

पण ही रचना टिकली ती केवळ चातुर्यामुळे नव्हे. सर्वाधिक पाठिंबा मिळालेल्या कल्पना दरमहा आपल्या समित्यांपुढे ठेवण्याचे नगरपालिकेने मान्य केले. २०१२ पासून वस्त्यांतील लहान कामांसाठी वेगळी रक्कम काढून त्यावर नागरिकांचे मतदान घेतले जाऊ लागले. म्हणजे मताला निर्णयाची आणि पैशाची जोड मिळाली.

अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली दाखवून दिले की, असंतुष्ट सभासदापुढे दोन मार्ग असतात : बोलणे किंवा निघून जाणे. आपल्या संस्थांत लोक भांडून क्वचितच जातात. ते येईनासे होतात. सूचना मागवून मौन पाळणारी संस्था या निघून जाण्याला उत्तेजनच देते. कचेऱ्यांतील धूळ खाणाऱ्या सूचनापेट्या याच जातीच्या.

खर्चाचा हिशेबही नीट मांडा. अशा व्यासपीठाची संगणकप्रणाली मुक्त स्वरूपात, विनामूल्य मिळते. खरा खर्च उत्तर देणाऱ्या माणसाच्या वेळेचा आहे, आणि अंदाजपत्रकात नेमका तोच नसतो. तेव्हा आरंभी एकच प्रश्न विचारा, ज्याचा निर्णय तुमच्या हाती आहे असा : वाचनालय कोणत्या वेळी उघडे असावे, शिबिराचा निधी कशावर खर्चावा. नकार द्यायचा असेल तर कारणासह, ठरल्या मुदतीत द्या.

आणखी एक. दिवसभर मोलमजुरी करून आलेली बाई रात्री मोबाइलवर मुद्दे लिहीत बसणार नाही. तिच्या हाती मोबाइल असेलच असेही नाही. शिकलेल्या, सवड असलेल्या चार सभासदांचे मत हेच मग संस्थेचे मत ठरते. म्हणून कार्यकर्त्याने वस्तीतील बैठकीत प्रश्न वाचून दाखवावा, मिळालेले मत तिच्या संमतीने तिच्याच नावे नोंदवावे आणि पुढच्या बैठकीत संस्थेचे उत्तर तिला वाचून दाखवावे. या कामासाठी माणूस कोण, हे आजच्या बैठकीतच ठरवता आले तर पाहा.