खाली म्हणजे कुठे, उत्तर म्हणजे कुठे?

आम्ही परळच्या बायका बोलतोय. आमच्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब संपला की एक कोडं घ्यायचं, अशी आमची पद्धत आहे. कुणी शाळकरी पोराचा प्रश्न घेऊन येतं, कुणी बातम्यांत ऐकलेलं काही. गेल्या काही बैठकांत तीन कोडी आली. ती आज तुमच्यापुढे ठेवतो. वाटायला ती पोरखेळ वाटतील. पण त्यातलं मधलं कोडं जिवाशी गाठ घालणारं आहे, म्हणून शेवटपर्यंत ऐका.

पहिलं कोडं. पृथ्वी गोल आहे, मग तिच्या खालच्या बाजूची माणसं पडत का नाहीत?

याचं उत्तर ‘खाली’ या शब्दात आहे. एक नारळ घ्या आणि त्याला चहूबाजूंनी मुंग्या लागल्या आहेत असं समजा. प्रत्येक मुंगीचे पाय नारळाकडे आणि पाठ बाहेर. आपलंही तसंच. पृथ्वी सगळ्यांना आपल्या मध्याकडे ओढते, आणि त्या ओढीच्या दिशेलाच आपण ‘खाली’ म्हणतो. अमेरिकेतल्या बाईचं खाली आणि आपलं खाली जवळजवळ उलट दिशांना आहे, पण दोघींचंही खाली पृथ्वीच्या पोटाकडेच जातं. पडायला दुसरीकडे जागाच नाही.

मग जड वस्तू आधी पडते का? घरी करून बघा. एक वही आणि एक सुटा कागद एकाच उंचीवरून सोडा. कागद तरंगत मागून येईल. आता तोच कागद वहीवर ठेवा, कडेच्या बाहेर येऊ देऊ नका, आणि वही सोडा. दोन्ही बरोबर खाली येतील. कागदाला हवा अडवत होती, वजनाचा त्यात दोष नव्हता. १९७१ मध्ये चंद्रावर गेलेल्या डेव्हिड स्कॉट यांनी तिथे हातोडी आणि पीस एकदम सोडून दाखवलं. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकली.

यातलीच एक गंमत वजनाची. पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, शिवाय ती स्वतःभोवती फिरते. त्यामुळे ध्रुवांवर ओढ थोडी जास्त आणि विषुववृत्तावर थोडी कमी. विषुववृत्तावर स्प्रिंगच्या काट्याने शंभर किलो भरलेलं पोतं ध्रुवावर त्याच काट्याने साधारण अर्धा किलो जास्त भरेल. तागडीवर मात्र दोन्हीकडे तेवढंच, कारण पारड्यातलं वजनही त्याच प्रमाणात जड होतं. आपल्याला ध्रुवावर सोयाबीन विकायचं नाही, पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: काटा नेहमी एखाद्या माहीत असलेल्या वजनाशी ताडून बघावा. एक लिटर पाणी एक किलो भरतं. रिकामं भांडं आधी तोलून घ्या, मग त्यात मापून लिटरभर पाणी ओता. फरक किलोचा आला नाही, तर काट्याबद्दल विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता दुसरं कोडं, पाण्याचं. आमच्या परळ-दादरच्या मध्ये हिंदमाता म्हणून भाग आहे. तिथे दर पावसाळ्यात पाणी तुंबतं. कधीकधी पाऊस थांबलेला असतो, तरी पाणी हलत नाही. पाणी उताराकडे जातं, मग हे का जात नाही?

एक कारण जमिनीचं. मुंबई मुळात सात बेटांची. परळ हे त्यातलंच एक. मधल्या खाड्या आणि सखल जागा भरून शहर झालं, पण खोलगट भाग खोलगटच राहिले. हिंदमाता म्हणजे बशीचा मध्य. दुसरं कारण आकाशात आहे. चंद्रही पृथ्वीला ओढतो. चंद्राकडच्या बाजूचा समुद्र जरा जास्त ओढला जातो, तर पलीकडच्या बाजूचा थोडा मागे राहतो, म्हणून दोन्ही बाजूंना पाण्याला फुगवटा येतो. हीच भरती. ती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्याची ओढही त्याच रेषेत येते, म्हणून उधाण असतं. कोकणातल्या बायकांना हे सांगायला नको.

मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. त्या वेळी समुद्र आमच्या गटारांच्या तोंडापेक्षा उंच होतो. पाणी उताराकडेच जातं, पण तेवढा वेळ उतारच उलटा झालेला असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि दुपारी भरतीही आली. पुढे काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. म्हणून आमच्याकडे पावसाळ्यात बाया पावसाच्या अंदाजाबरोबर भरतीची वेळही बघतात.

ओहोटी लागली किंवा पंप सुरू झाले की तुंबलेलं पाणी एकदम खाली ओढलं जातं. धोका तेव्हा असतो. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत असाच पाऊस होता. पोटविकारांचे नावाजलेले डॉक्टर दीपक अमरापूरकर पाण्यातून चालत घरी निघाले होते. परळला लागूनच असलेल्या एल्फिन्स्टन रोड भागात, ज्याला आता प्रभादेवी म्हणतात, एका उघड्या मॅनहोलमध्ये ते ओढले गेले. दोन दिवसांनी वरळीच्या किनाऱ्याजवळ त्यांचा मृतदेह सापडला. त्यानंतर मॅनहोलच्या झाकणाखाली जाळ्या बसवण्याचा आग्रह वाढला आणि पालिकेने त्या बसवायला सुरुवात केली.

एवढा जोर येतो कुठून? हिशेब करू. मॅनहोलचं तोंड दोन फूट रुंद धरा आणि त्यावर कमरेएवढं, म्हणजे मीटरभर पाणी. तेवढ्या तोंडावरच्या पाण्याचंच वजन पावणेतीन क्विंटलच्या वर भरतं. खाली जागा मोकळी असेल, तर हा सगळा भार माणसाला त्या तोंडाशी दाबून धरतो. अशा वेळी चांगला पोहणाराही हतबल होतो.

आणि भोवरा का पडतो? दोरीला दगड बांधून तो फिरवा आणि फिरवता फिरवता दोरी बोटाला गुंडाळू द्या. दोरी आखूड होत जाते तसा दगड जास्त वेगाने फिरतो. पाण्याचंही तसंच. तुंबलेल्या पाण्यात कुठूनतरी थोडी गिरकी असतेच. ते पाणी भोकाकडे सरकताना त्याचा फेर लहान होतो आणि वेग वाढतो. निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे तुमच्यापैकी पुष्कळजणींनी बघितले असतील. पाण्याच्या भोवऱ्यात दगडगोटे गरगर फिरले आणि त्यांनी काळा कातळ रांजणासारखा कोरून काढला. कातळ कोरणारं पाणी आपल्या पायांना काय ऐकणार?

पण भोवरा दिसला नाही म्हणजे धोका नाही, असं मात्र धरू नका. पाणी खोल असेल तर वर नुसती खळी दिसते, कधी तीही दिसत नाही. केरकचरा एका जागी जमून फिरतोय किंवा अचानक गडप होतोय, एवढी खूण पुरे. तिथून लांब व्हा.

हे शहरापुरतं नाही. रस्त्याखालची मोरी, कालव्याचं दार, बर्गे काढलेला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, सगळीकडे हाच भार काम करतो. म्हणून काही गोष्टी आम्ही आमच्यासाठी ठरवल्या आहेत, त्या तुम्हालाही सांगतो. पुराच्या पाण्यात जाण्यापेक्षा ओसरेपर्यंत थांबावं, ओहोटी काही तासांत येतेच. जाणं टळतच नसेल तर हातात लांब काठी घ्यावी, पुढची जमीन चाचपूनच पाऊल टाकावं, आणि एकटीने जाऊ नये. पाणी लवकर जावं म्हणून मॅनहोलचं झाकण कुणी आपल्या हाताने उघडू नये. मोरी तुंबली तर वरच्या अंगाला पाण्यात उभं राहून हातापायाने कचरा काढू नये. पाणी बंद करून, कोरड्या काठावरून, लांब बांबूने काढावा. आणि कुणी ओढलं जात असेल तर मागोमाग उडी टाकू नये. काठावरून दोर टाका, साडी टाका, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन टाका. एकीच्या मागे दुसरी गेली, तर त्या घरावर दोनदा दुःख येतं.

भोवऱ्याबद्दल एक समजही आहे: आपल्या अर्ध्या पृथ्वीवर मोरीतलं पाणी एकाच बाजूने फिरतं आणि दक्षिणेकडच्या देशांत उलट्या बाजूने. आम्ही बादलीला बुडाशी भोक पाडून बघितलं. कधी असं फिरलं, कधी तसं. हाताने आधी जशी गिरकी दिली तसं. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम खरा आहे, पण पृथ्वीला एका फेऱ्याला पूर्ण दिवस लागतो आणि बादली मिनिटात रिकामी होते. तेवढ्यात तो परिणाम दिसत नाही. शेकडो किलोमीटर पसरलेल्या आणि दिवसचे दिवस चालणाऱ्या चक्रीवादळात मात्र तो स्पष्ट दिसतो. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं निसर्ग वादळ वरून पाहिलं तर प्रदक्षिणेच्या उलट दिशेने फिरत होतं. आपल्या उत्तर गोलार्धातली सगळी चक्रीवादळं तशीच फिरतात.

तिसरं कोडं. असं घर कुठे बांधाल, की चारही भिंती उत्तरेकडे तोंड करून असतील?

उत्तर आहे, दक्षिण ध्रुवावर. तिथे उभं राहिलं की कुठेही पाऊल टाका, ते उत्तरेलाच पडतं. पूर्व-पश्चिम तिथे नाहीतच. उत्तर ध्रुवावर याच्या उलट, सगळीकडे दक्षिण.

तुम्ही म्हणाल, बायकांना ध्रुवांशी काय करायचंय? तर ऐका. ९ जानेवारी २०२१ ला अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोहून एअर इंडियाचं विमान निघालं आणि ११ तारखेच्या पहाटे बंगळुरूला उतरलं. वैमानिक सगळ्या बायका: कॅप्टन झोया अगरवाल, पापागरी तन्मई, आकांक्षा आणि शिवानी मन्हास. सुमारे सोळा हजार किलोमीटर, आणि वाट उत्तर ध्रुवावरून. इतक्या वर का गेल्या? पुन्हा तो नारळ घ्या. समोरासमोरच्या दोन बाजूंना, जरा वरच्या अंगाला, दोन टिकल्या लावा आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. सगळ्यांत आखूड दोरा नारळाच्या शेंडीवरून जातो. सपाट नकाशात ही वाट लांबची वाटते, गोलावर ती जवळची असते.

पण तिथे होकायंत्र फारसं उपयोगी पडत नाही. पृथ्वीचा चुंबकी ध्रुव आणि खरा ध्रुव या दोन वेगळ्या जागा आहेत. चुंबकी ध्रुवाच्या जवळ सुईला आडवं राहण्यापेक्षा जमिनीत बघायचं असतं, म्हणून ती नीट दिशा दाखवत नाही. शिवाय सरळ उडणारं विमान ध्रुव ओलांडतं त्या क्षणी, न वळताच, उत्तरेऐवजी दक्षिणेला जाऊ लागतं. म्हणून ध्रुवाकडच्या नकाशावर सरळ रेषांची वेगळी चौकट आखतात. रांगोळीआधी आपण ठिपके काढतो ना, तशी. मग उत्तर-दक्षिण विसरून त्या चौकटीप्रमाणे दिशा धरायची. जोडीला उपग्रह आणि वळणं मोजणारी यंत्रं असतात.

चुंबकाची सुई किती नाजूक, याचा एक दाखला आमच्या मुंबईचाच आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. शहरात विजेची ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्या विजेने मोजणी बिघडेल म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली, आणि तिच्या बांधकामात लोखंड टाळलं. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. अलिबागची मोजणी आजही चालू आहे. तेव्हा मोबाईलमधली दिशा बघताना लोखंडी कपाटापासून लांब उभ्या राहा.

दक्षिणेकडच्या बर्फावर तर आपली माणसं फार आधी पोहोचली. १९८३-८४ च्या भारतीय मोहिमेत डॉ. अदिती पंत आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर गेल्या, भारतीय मोहिमेतून तिथे जाणाऱ्या त्या पहिल्या महिला. अदिती पंत आपल्या सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या घराण्यातल्या आणि समुद्राच्या अभ्यासक.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तीन कामं करा. लिटरभर पाण्याने गटाचा काटा तपासा. नारळावर दोरा ताणून पोरांना जवळची वाट दाखवा. आणि गावातली प्रत्येक उघडी मोरी, कठडा नसलेली विहीर, कालव्याचं दार कुठे आहे याची यादी करून पावसाआधी ग्रामसभेत मांडा, ठरावात लिहून घ्या. पाण्याची ओढ आपण बदलू शकत नाही. झाकण आणि कठडा मात्र आपल्या हातात आहे.

तुमच्याकडची कोडी आम्हाला जरूर पाठवा.