ल्युसीचे पुनरागमन आणि प्रेक्षकांचा कौल

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय निवडण्याची मोकळीक मंडळाने आम्हांला दिली, याबद्दल प्रथम आभार. विनोद आणि त्याचा प्रेक्षक यांविषयी बोलायचे ठरविल्यावर चिमणराव-गुंड्याभाऊंपासून आरंभ करणे सोपे होते, आणि आपणां सर्वांना ते रुचलेही असते. परंतु आज आम्ही आपणांस १९८६ सालच्या अमेरिकेत नेणार आहोत, आणि तेही एका पडलेल्या कार्यक्रमाकडे. यशस्वी कार्यक्रमाबद्दल सर्वांचे एकमत असते, मग बोलायला उरते काय? पडलेल्या कार्यक्रमाबद्दल मात्र जितके प्रेक्षक तितकी मते. ‘लाइफ विथ ल्युसी’ ही विनोदी मालिका अवघे आठ भाग दाखवून बंद करण्यात आली. परंतु ती का पडली याविषयीचा वाद आज इतक्या वर्षांनंतरही मिटलेला नाही.

या मालिकेची नायिका ल्युसिल बॉल. भाषणापुरता एक संकेत ठरवू या : नटीला आम्ही ल्युसिलबाई म्हणू आणि पात्राला ल्युसी. बाईंचा जन्म ६ ऑगस्ट १९११ चा. चित्रपटांत बरीच वर्षे काढूनही पहिल्या रांगेत स्थान न मिळालेल्या या नटीला खरे घर सापडले ते दूरचित्रवाणीत, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सी.बी.एस. वर ‘आय लव्ह ल्युसी’ सुरू झाली आणि १९५७ च्या मे महिन्यापर्यंत चालली. त्यात तिचे खरेखुरे यजमान देसी अर्नाझ हेच पडद्यावरही नवरा झाले होते. मालिका चित्रपटाच्या फितीवर, एका वेळी तीन कॅमेरे लावून आणि समोर जिवंत प्रेक्षक बसवून चित्रित होत असे. कॅमेऱ्याची बाजू सांभाळीत ते कार्ल फ्रॉइंड, जर्मन चित्रपटसृष्टीतून आलेले नामांकित छायाचित्रकार. फितीचा आग्रह खर्चिक होता. परंतु त्यामुळेच ते भाग टिकले आणि पुनःपुन्हा दाखविता आले. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

चॉकलेटच्या कारखान्यातील सरकत्या पट्ट्यावरून चॉकलेटे भराभर येऊ लागतात, वेष्टणात बांधायला वेळ पुरत नाही, म्हणून ल्युसी ती तोंडात, टोपीत, पोलक्यात कोंबू लागते, हा १९५२ चा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांनी कुठे ना कुठे पाहिला असेल. भाषा न कळणाऱ्यालाही तो हसवितो. जानेवारी १९५३ मध्ये ल्युसीला मुलगा होतो तो भाग अमेरिकेत सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला असे सांगतात. त्यानंतर ‘द ल्युसी शो’ (१९६२ ते १९६८) आणि ‘हिअर्स ल्युसी’ (१९६८ ते १९७४) या आणखी दोन मालिका चालल्या. मग बारा वर्षांचा खंड.

या खंडानंतर, पंचाहत्तराव्या वर्षी, बाई परत आल्या. ए.बी.सी. ही वाहिनी आणि ॲरन स्पेलिंग हे त्या काळचे मोठे निर्माते त्यांच्या पाठीशी होते. एरवी नव्या मालिकेचा एक नमुन्याचा भाग आधी करून दाखवावा लागतो. बाईंच्या नावावर तीही अट माफ झाली. लेखनासाठी मॅडेलिन पग डेव्हिस आणि बॉब कॅरल ही ‘आय लव्ह ल्युसी’ची जुनी जोडी बोलाविली. सोबतीला गेल गॉर्डन, आधीच्या दोन्ही मालिकांतील तोच चिडका, गरजणारा सहकारी, आता ऐंशी वर्षांचा. कथा साधी होती. विधवा ल्युसी बार्कर ही दिवंगत पतीच्या अर्ध्या वाट्याने एका हार्डवेअरच्या दुकानाची भागीदारीण होते. दुसरा भागीदार तिचा व्याही. तिची मुलगी, जावई आणि नातवंडे ज्या घरात राहतात तेथेच ही दोघेही राहायला येतात. व्याही-विहीण एका घरात आणि एका दुकानात! आपल्याकडील कोणाही नाटककाराला एवढ्या भांडवलावर तीन अंक सहज काढता आले असते.

२० सप्टेंबर १९८६, शनिवार, रात्री आठ. पहिला भाग लोकांनी आवर्जून पाहिला. त्या आठवड्याच्या क्रमवारीत तो पहिल्या पंचविसांत होता. मात्र पुढच्या काही आठवड्यांत मालिका थेट तळाशी गेली. १५ नोव्हेंबरला आठवा भाग झाला आणि नंतर काही नाही. तेरा भाग चित्रित झाले होते. उरलेले पाच त्या वेळी प्रक्षेपितच झाले नाहीत.

समीक्षकांनी मालिकेला झोडपले, आणि ते कठोरपणे झोडपले. पुढे २००२ साली ‘टीव्ही गाइड’ या साप्ताहिकाने सर्वांत वाईट पन्नास कार्यक्रमांची यादी केली तीतही हिचे नाव घातले. परंतु समीक्षकांचे मत हा आमचा आजचा विषय नव्हे. ज्या प्रेक्षकांनी पहिल्या शनिवारी प्रेमाने संच लावला आणि तिसऱ्या-चौथ्या शनिवारी लावला नाही, त्यांनी काय म्हटले? त्यांनी काहीच म्हटले नाही. घरातला प्रेक्षक नाट्यगृहातल्यासारखा हुर्यो करीत नाही. तो नुसती कळ फिरवतो. समोरच्या वाहिनीवर ‘द फॅक्ट्स ऑफ लाइफ’ ही शाळकरी मुलींची मालिका होती, ती त्याने लावली. या मौनाचा अर्थ लावण्याचा उद्योग तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

सर्वांत प्रचलित अर्थ असा की लोकांना म्हातारी नायिका नको होती. हे उत्तर सोयीचे आहे, आणि आमच्या मते चुकीचे आहे. त्याच शनिवारी, अवघ्या तासाभराने, एन.बी.सी. वर ‘द गोल्डन गर्ल्स’ लागत असे. पन्नाशी उलटलेल्या चार बायका एका घरात राहतात आणि स्वयंपाकघरातील टेबलाभोवती बसून बोलतात, एवढेच तिचे स्वरूप. ती १९८५ मध्ये सुरू झाली आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतले. तेव्हा प्रेक्षकाचा राग वयावर नव्हता. मग कशावर होता?

येथे त्या मालिकेतील एक-दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिल्याच भागात ल्युसी दुकानातील सगळा माल वर्णानुक्रमाने लावून ठेवते. (आमच्या कार्यालयात फायलींची अशी व्यवस्था लावणारे एक गृहस्थ होते. ते रजेवर गेले की एकही फाइल सापडत नसे. त्यामुळे हा विनोद आम्हांला विशेष पटला.) कल्पना चांगली आहे, जुन्या ल्युसीला शोभणारी आहे. दुसऱ्या एका भागात जॉन रिटर हा लोकप्रिय नट स्वतःच्याच नावाने गिऱ्हाईक म्हणून येतो आणि ल्युसीच्या हातून त्याचे जे व्हायचे ते होते. रिटर स्वतः धडपडण्याच्या विनोदात निष्णात, आणि मालिका पाहिलेल्या अनेकांना हाच भाग बरा वाटतो. आमचेही तेच मत आहे. कारण तेथे पडतो तो रिटर.

बाईंची सारी कला शरीराची होती. डोळे वटारणे, तोंड वाकडे करणे, शिडीवरून घसरणे, द्राक्षांच्या कुंडात लोळणे. चाळीस वर्षांची बाई शिडीवर चढली की आता ही पडणार म्हणून आपण सावरून बसतो आणि पडली की हसतो. पंचाहत्तर वर्षांची बाई शिडीवर चढली की आपणही सावरून बसतो, पण ते धरण्यासाठी. घरातील आजी स्टुलावर चढली तर आपण काय करतो? हातातले टाकून धावतो. त्या प्रेक्षकाने ल्युसीवर रुष्ट होऊन कळ फिरविली असे आम्हांस वाटत नाही; त्याला तिच्याविषयी काळजी वाटली, आणि काळजी आणि हसू एकाच बाकावर बसत नाहीत. त्यात धूम्रपानाने घोगरा झालेला बाईंचा आवाज. गोल्डन गर्ल्समधील बायका बसून बोलत होत्या, आणि वयाने माणसाची बोलण्याची धार वाढते, कमी होत नाही. व्यासपीठावर बसलेले ज्येष्ठ सभासद याला दुजोरा देतील.

येथे आम्हांला बालगंधर्वांची आठवण होते. त्यांच्या उतारवयातल्या स्त्रीभूमिका पाहिलेल्या पिढीकडून आम्ही जे ऐकले त्यात हळहळ होती, तसेच डोळे मिटून गाणे ऐकल्याचा आनंदही होता. डोळे मिटण्याची ही सवलत बालगंधर्वांच्या प्रेक्षकाला होती, कारण गळा शिल्लक होता. ल्युसिलबाईंच्या प्रेक्षकाने डोळे मिटले तर त्याच्या हाती काय लागणार?

दुसरा मुद्दा लेखनाचा. जुन्या ल्युसीला काहीतरी हवे असे. नवऱ्याच्या कार्यक्रमात तिला झळकायचे असे आणि नवरा ते होऊ देत नसे. त्यामुळे प्रत्येक भागात चोरी होती, बेत होता, पकडले जाण्याची भीती होती. नव्या ल्युसीला कोण अडविणार? दुकान अर्धे तिचे, मुलगी तिची, नातवंडे तिच्यावर जीव टाकणारी. व्याही ओरडतो, परंतु त्याच्या ओरडण्याला कोणी भीत नाही. भागाच्या अखेरीस आजी नातवंडाला जवळ घेऊन चार शब्द सांगते. काही प्रेक्षकांना हेच प्रसंग सर्वांत आवडले. त्यांच्या मते बाईंनी धडपडणे सोडून अशीच शांत आजी रंगविली असती तर मालिका तरली असती. हे मत विचार करण्याजोगे आहे. आदल्याच वर्षी ‘स्टोन पिलो’ या दूरचित्रपटात त्यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर राहणाऱ्या बेघर वृद्धेची गंभीर भूमिका केली होती. म्हणजे वाट ठाऊक नव्हती असे नाही. परंतु ज्या प्रेक्षकाने ‘ल्युसी’ हे नाव वाचून संच लावला, तो बेघर वृद्धेसाठी आला नव्हता.

आणि आता ती फितीची गोष्ट. ‘आय लव्ह ल्युसी’ १९५७ मध्ये संपली, पण बंद कधीच पडली नाही. तिचे जुने भाग अमेरिकेतील स्थानिक केंद्रांवरून वर्षानुवर्षे पुन्हा दाखविले जात होते, आणि १९८६ मध्येही दाखविले जात होते. दुपारी चाळीस वर्षांची ल्युसी आणि शनिवारी रात्री पंचाहत्तर वर्षांची! जगातल्या कोणत्याही रंगभूमीवर नटीला स्वतःच्या तरुणपणाशी अशी रोज स्पर्धा करावी लागली नव्हती. आपल्या जुन्या नटांचे तारुण्य प्रेक्षकांच्या स्मरणात होते, आणि स्मरण दयाळू असते, थोडेफार विसरते. फीत विसरत नाही. समोरची ‘द फॅक्ट्स ऑफ लाइफ’ हे निमित्त झाले. बाईंना खऱ्या अर्थाने हरविले ते १९५१ च्या ल्युसीने.

एका प्रेक्षकवर्गाविषयी बोलायचे राहिले. चित्रीकरणाच्या वेळी समोर बसलेला. ध्वनिमुद्रणात तो स्पष्ट ऐकू येतो. बाई दारातून आत आल्या की टाळ्यांचा कडकडाट, साध्या वाक्यालाही हास्याचा गडगडाट. घरी बसलेल्याला स्मितही येत नाही अशा ठिकाणी ते लोक लोटपोट होतात. ती लबाडी नव्हती. ते खरोखर आनंदले होते, साक्षात ल्युसी पाहत होते. परंतु त्या टाळ्या पस्तीस वर्षांच्या थकबाकीच्या होत्या, आणि बाईंना त्या चालू महिन्याच्या वाटल्या असल्यास दोष कोणाचा? केंद्र सरकार आम्हांला साठाव्या वर्षी हार घालून घरी पाठविते. ते कितीही बोचले तरी आदेशावर तारीख असते. कलावंताला असा आदेश काढणारे कोणी नसते. समोरचे टाळ्या वाजवीत राहतात आणि निर्णय दुसऱ्याच ठिकाणी होतो.

चित्रीकरण चालू असतानाच मालिका बंद झाल्याची वार्ता बाईंपर्यंत पोहोचली. तो घाव मोठा होता. २ डिसेंबर १९८६ रोजी देसी अर्नाझ गेले. घटस्फोटाला सव्वीस वर्षे झाली होती, पण स्नेह टिकून होता. त्यानंतर पाचच दिवसांनी वॉशिंग्टनला केनेडी सेंटरचा राष्ट्रीय सन्मान स्वीकारण्यासाठी त्यांना सभागृहात बसावे लागले. देसींनी जाण्यापूर्वी लिहून ठेवलेला संदेश तेथे वाचून दाखविण्यात आला. त्यानंतर बाईंनी नवी मालिका केली नाही. २९ मार्च १९८९ च्या ऑस्कर समारंभात बॉब होप यांच्यासह त्या रंगमंचावर आल्या तेव्हा सारे सभागृह उभे राहिले. २६ एप्रिलला त्यांचे निधन झाले.

२०१९ मध्ये या मालिकेचे तेराही भाग डीव्हीडीवर निघाले, न दाखविलेले पाच धरून. ते पाहून नव्या प्रेक्षकांनी जी मते दिली ती १९८६ च्या मानाने पुष्कळ मवाळ आहेत. इतकी काही वाईट नाही, असा त्यांचा एकंदर सूर. हा सूर आम्हांस पूर्णपणे मान्य नाही. लेखन ढिले आहे ते ढिलेच आहे, आणि संगणकावरचा विनोद तर त्या काळीही शिळा वाटला असेल. परंतु या प्रेक्षकाला एक गोष्ट आधीच ठाऊक असते, की शिडीवरून बाई सुखरूप उतरल्या होत्या. त्यामुळे तो काळजी न करता पाहू शकतो, आणि मग गेल गॉर्डनच्या भडकण्यातील अचूक वेळ, बाईंची एखादी तिरकी नजर, सॅक्सोफोन हाती घेतल्यावरचा तो जुना खट्याळ चेहरा त्याला दिसू लागतो. हे सर्व १९८६ मध्येही तेथेच होते.

आमच्या वेळेची मर्यादा संपली असल्याचे कार्यवाह खुणेने सांगत आहेत. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी चहापानानंतरच्या चर्चेत ते अवश्य मांडावे. मौन पाळून कळ फिरवू नये, एवढी विनंती.