उन्हाची वीज आणि घरचे कागद
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला कोणता विषय घ्यावा, असे कार्यकारिणीने विचारले तेव्हा मी गच्चीवरच्या विजेचा विषय सुचवला. ‘हा तर पुरुषांचा विषय!’ असे कोणी हसून म्हणाले. पण विजेचे बिल पाहून महिन्याचा मेळ बसवते कोण? कर्जाचा हप्ता आला की दुधा-भाजीतून काटकसर करते कोण? तेव्हा हा विषय आपलाच आहे, असे मी मानते.

‘प्रधानमंत्री सूर्यघर : मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. २०२६-२७ पर्यंत देशातील एक कोटी घरांवर सौर पॅनेल बसवावीत, असा तिचा संकल्प आहे. ‘मोफत’ हा शब्द ऐकून कोणी हुरळून जाऊ नये. वीज उन्हाची असली, तरी पॅनेल विकतच घ्यावी लागतात. सरकार त्यात अनुदान देते, ते असे : पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये. म्हणजे एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीनला ७८,०००. तीनच्या पुढे कितीही बसवा, घरगुती अनुदान ७८,००० वरच थांबते.

आपल्याला किती हवे, हे विकणाऱ्याला विचारू नये. आपल्या बिलाला विचारावे. एक किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते, आणि त्यातून महिन्याला साधारण शंभर ते एकशेवीस युनिट मिळतात. वर्षभराची बिले काढून सरासरी पाहा. ज्या घरात ऐंशी युनिट जळतात, तिथे तीन किलोवॅट बसवणे म्हणजे दोन माणसांसाठी लग्नाच्या पंक्तीचे पातेले चढवण्यासारखे आहे.

आता ही वीज वापरायची कशी? शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी आणि आपल्याकडे आली की परत करावी, तसाच हा व्यवहार. दुपारी जास्त झालेली वीज महावितरणच्या तारांत जाते, रात्री आपण तिथूनच घेतो, आणि दोन्हीकडची नोंद नेट मीटर ठेवतो. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात. आर्थिक वर्ष संपले की हिशेब होतो. मात्र वर्षअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा भाव फार कमी असतो. म्हणून विकून श्रीमंत होण्याच्या गोष्टी कोणी सांगू लागला तर त्याला ताक पाजून वाटेला लावावे! स्थिर आकारही भरावाच लागतो. आणखी एक : बाहेरची वीज गेली की साधी सौर यंत्रणाही बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून तशी योजनाच असते. अंधारातही दिवे हवे असतील तर बॅटरीचा खर्च निराळा.

परवानगीची वाट पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक देऊन नोंदणी करायची. फेब्रुवारी २०२४ च्या नियमदुरुस्तीमुळे १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीसाठी अडवून ठेवत नाहीत. तो मंजूर झाला असेच धरतात. मग नोंदणीकृत पुरवठादारांपैकी एक निवडायचा, पॅनेल बसवून घ्यायची, नेट मीटर लागायचा आणि तपासणी व्हायची. त्यानंतर बँक खात्याचा तपशील भरला की अनुदान खात्यात येते. पॅनेल भारतीय बनावटीची नसतील तर अनुदान मिळत नाही, हे कोटेशनवर लिहून घ्यावे. पाच वर्षांची देखभालही लिहून घ्यावी. सारी रक्कम आगाऊ देऊ नये, आणि फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये.

पैशाचे गणित एकदा पाटीवर मांडून पाहू. समजा, तीन किलोवॅटचे कोटेशन दोन लाखांचे आहे. या कामासाठी बँका तारणाशिवाय कर्ज देतात, आणि त्याचा व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी जोडलेला असतो. दहा टक्के, म्हणजे २०,००० आपण घातले, तर कर्ज १,८०,०००. अनुदानाचे ७८,००० कर्जखात्यात गेले की उरले १,०२,०००. व्याज सहा टक्के आणि मुदत दहा वर्षे धरली, तर हप्ता सुमारे ११३० रुपये. तुमच्या बिलात दरमहा याहून जास्त बचत होणार असेल तर पुढे जावे. नसेल तर लहान यंत्रणा घ्यावी, किंवा थांबावे. थांबण्यात कमीपणा नाही.

भगिनींनो, खरी अडचण गच्चीवर नाही, कपाटातल्या कागदांत आहे. आपल्याच मंडळातील एका भगिनीने सारी तयारी केली, आणि अर्ज अडला. कारण विजेचे बिल अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावावर होते. चाळीस वर्षे बिल भरले तिने, पण कागदाच्या लेखी ती त्या घरात नव्हतीच! मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, दिरांच्या सह्या यांत तिचे कित्येक महिने गेले. अर्जदाराचे नाव बिलावर हवे, छप्पर स्वतःच्या हक्काचे हवे, अशा या अटी. त्या जाचक नाहीत. पण आपले नाव कुठेच नसल्याचे त्या उघडे करतात. सौर वीज घ्या अथवा न घ्या, घरपट्टी, वीजबिल आणि बँकेचे खाते या तिन्हींवर आपले नाव आहे का, हे आजच घरी जाऊन पाहा.

इमारतीत राहणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे गच्ची सर्वांची. सोसायटीला पंप, लिफ्ट, जिन्यातील दिवे यांच्यासाठी दर किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान मिळते. पण त्यासाठी सर्वसाधारण सभेत ठराव व्हावा लागतो. तिथे आपण चहा द्यायला नव्हे, बोलायला जायचे. टाकीची सावली कुठे पडते, पापड-कुरडया कुठे वाळतात, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

माझी एक सूचना आहे. येत्या महिन्यापासून मंडळाच्या दुपारच्या बैठकीत प्रत्येकीने आपले वर्षभराचे बिल आणावे. दोन-तीन शिकलेल्या मुलींनी आपल्याबरोबर बसून हिशेब मांडावा आणि ज्यांचे नाव बदलायचे आहे त्यांचे अर्ज भरून द्यावेत. कोटेशनेही एकीने आणण्यापेक्षा दहाजणींनी मिळून मागवली तर भावात घासाघीस करता येईल. ती कला आपल्याला मंडईने शिकवलीच आहे.