नवीन पातळ लॅपटॉप घ्यायचा का? जळगावच्या उन्हात मांडलेला हिशोब

(एप्रिल २०२५ मधल्या एपिसोडचं हे लेखी रूप. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

जळगावात पारा चाळिशीच्या वर गेलाय आणि मी दुपारी पंखा बंद करून रेकॉर्डिंग करतोय. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो ना! तेव्हा मध्येच घाम पुसायला थांबलो तर समजून घ्या.

गेल्या महिनाभरात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारलाय. "दादा, नवीन मॅकबुक एअर आलाय, एम४ वाला. घेऊ का?" कुणी विंडोजच्या नव्या पातळ लॅपटॉपबद्दल विचारलंय. खरं सांगू? हाच प्रश्न मी स्वतःलाही विचारत होतो. आणि त्याच दिवसांत धुळ्याहून मामाचा फोन आला. त्यामुळे आज दोन घरांचा हिशोब सांगतो. एक माझा, एक मामाचा. दोन्हींची उत्तरं उलटी निघाली, म्हणून सांगावंसं वाटतंय.

आधी माझं. माझ्याकडे एम१ चिपचा मॅकबुक एअर आहे. हे मॉडेल नोव्हेंबर २०२० मध्ये आलं, मी २०२१ मध्ये घेतलं. ८ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेज. हा पॉडकास्ट पहिल्या एपिसोडपासून त्याच्यावरच एडिट होतो. मार्च २०२५ मध्ये एम४ आला, तेव्हा किंमत ९९,९०० रुपयांपासून होती. गंमत म्हणजे एम१ भारतात आला तेव्हा ९२,९०० होता. म्हणजे साडेचार वर्षांनी सात हजार जास्त, आणि रॅम दुप्पट, १६ जीबी. ऐकायला सौदा चांगलाच आहे. माझं मन तर झालंच होतं.

मग मी दोघांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले. एम१ चं वजन १.२९ किलो, एम४ चं १.२४ किलो. फरक ५० ग्रॅम. आपण जळगावचे, आपल्या भाषेत सांगायचं तर अर्ध्या केळ्याएवढा! बॅटरी? कंपनीच्या कागदावर व्हिडिओसाठी दोन्हींचा आकडा १८ तास. कॅमेऱ्यात मात्र मोठा फरक आहे, जुना ७२०पी, नवा १२ मेगापिक्सेल. एम१ ला बाहेरचा एकच मॉनिटर लागतो, एम४ ला दोन लागतात. आणि वेग, कंपनीच्याच म्हणण्यानुसार, एम१ च्या दुप्पटपर्यंत.

दुप्पट! पण कशाच्या दुप्पट? माझ्या कामात कुठे? हे शोधायला मी एक साधी गोष्ट केली. आठवडाभर लॅपटॉपशेजारी एक वही ठेवली. लॅपटॉपने मला थांबवलं की वेळ आणि कारण लिहायचं. बस.

आठवड्याच्या शेवटी वही वाचली आणि मला माझंच हसू आलं. सगळ्यात जास्त वेळा एकच नोंद होती, "स्टोरेज भरलं, फाइल हलवली." दुसरी, "लाइट गेली, बॅटरी तासाभरात उतरली." तिसरी, "दुपारी एक्सपोर्ट रेंगाळला." चिप हळू आहे अशी नोंद रात्रीच्या कामात एकदाही नव्हती.

ही दुपार-रात्रीची भानगड नीट समजून घ्या, कारण आपल्या खान्देशात ती फार महत्त्वाची आहे. मॅकबुक एअरमध्ये पंखा नाही. एम१ मध्ये नव्हता, एम४ मध्येही नाही. आत तयार होणारी उष्णता धातूच्या बॉडीतून हवेत जाते. आता हवाच तापलेली असेल तर उष्णता जाणार कुठे? मग चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. कंपनीने वापरासाठी सांगितलेलं बाहेरचं तापमान आहे १० ते ३५ अंश. आणि माझी खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रे. एप्रिलच्या दुपारी तिथे ३५ अंश म्हणजे गारवा म्हणावा लागेल! तीच फाइल, तोच लॅपटॉप. दुपारी रेंगाळतो, रात्री दहानंतर सरळ पळतो.

मित्राचा एम४ दोन दिवस मागून आणला. खोटं बोलणार नाही, एक्सपोर्ट लवकर झाला, दुपारीसुद्धा. पण माझा एक्सपोर्ट आठवड्यातून एकदा असतो आणि तो लावून मी चहाला जातो. चहा लवकर संपवण्यासाठी लाख रुपये?

म्हणून माझा निर्णय असा झाला. बॅटरी बदलून घ्यायची. सेटिंग्जमध्ये बॅटरीपुढे 'सर्व्हिस' असं दिसायला लागलं होतंच. एक बाहेरची एसएसडी घ्यायची. आणि एक्सपोर्ट रात्री लावायचा. सगळं मिळून नव्या लॅपटॉपच्या चौथ्या भागात काम होतंय. माझ्याकडे पैसे नव्हते असं नाही. माझी अडचण नवं मॉडेल सोडवत नव्हतं, एवढंच.

आता मामाचं घर. इथे गोष्ट वेगळी आहे.

मामाचं गाव सोनगीरच्या बाजूला. मामेबहीण धुळ्यात देवपूरला कॉलेजला जाते, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला. रोज एसटीने जाऊन-येऊन. सीट मिळाली तर मिळाली, नाहीतर उभं. पाठीवर मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप, १५.६ इंची, चार्जर धरून अडीच किलोच्या घरात. बॅटरी मेलेली, म्हणून लॅबमध्ये पहिली धावपळ प्लगसाठी.

हा लॅपटॉप २०१८ मध्ये कापसाच्या पैशातून घेतला होता. दुकानदाराने "नवीन मॉडेल आहे, कालच आलंय" म्हणून दिला. आत होता आय३-६००६यू, ४ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क. आता बघा, ६००६यू म्हणजे इंटेलची सहावी पिढी. आणि २०१८ मध्ये आठवी पिढी बाजारात आलेली होती. खोकं नवीन होतं, आतला जीव जुना होता. भावाने त्याच्यावर कसाबसा डिप्लोमा काढला. प्रोजेक्टच्या दिवसांत सायबर कॅफेत बसायचा. घरात तो विषय अजून निघतो. आणि आता त्या मशीनला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, कारण सहावी पिढी त्या यादीतच नाही. विंडोज १० चा सपोर्ट संपण्याची तारीख १४ ऑक्टोबर २०२५.

म्हणून मामाचा फोन. मामा म्हणाला, "भाचा, मांगे फसनूत. आते फसानं नही." एवढंच. पण त्या एका वाक्यात सात वर्षं होती.

बहीण मात्र नकोच म्हणत होती. "दादा, चालेल अजून. एसएसडी टाकू त्यात." मी तिला म्हटलं, तू पण वही ठेव. आठ दिवसांनी तिने फोटो पाठवला. पान भरलेलं! "अँड्रॉइड स्टुडिओ उघडलाच नाही." "प्लग नव्हता, प्रॅक्टिकल मैत्रिणीच्या मशीनवर." "बसमध्ये खांदा." हो, खांदा हीसुद्धा नोंदच आहे. तिची अडचण आणि हलका, नवा लॅपटॉप यांचं गणित तंतोतंत जुळत होतं. नको म्हणणारीलाच त्याची गरज होती.

मग आम्ही दोघं गोलाणी मार्केटमध्ये फिरलो. बजेट साठ हजारांच्या आत. तिथे ज्या गोष्टी तपासल्या, त्या तुम्हीही लिहून घ्या.

पहिली, प्रोसेसरचा पूर्ण नंबर. "रायझन ५ आहे", "आय५ आहे" एवढ्यावर थांबायचं नाही. उदाहरण देतो. रायझन ५ ७५२०यू. सात हजारांची मालिका, म्हणजे नवीन वाटतो ना? पण एएमडीच्या या सात हजारांच्या लॅपटॉप चिपमध्ये तिसरा आकडा आतली रचना सांगतो. ७५२०, तिसरा आकडा २, म्हणजे झेन २. ही रचना २०१९ ची. ७५३० असेल तर झेन ३. ७५४० असेल तर झेन ४. एका आकड्यात पिढी बदलते. मामा फसला होता तो असाच, फक्त तेव्हा कंपनी वेगळी होती. बैल घेताना दात बघतात ना, तसा हा आकडा बघायचा.

दुसरी, रॅम. पातळ लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. जुन्या जाड लॅपटॉपला आपण मागचं झाकण उघडून रॅम टाकायचो, ते दिवस इथे विसरा. पुढची तीन-चार वर्षं काढायची असतील तर १६ जीबीच घ्या. दुकानात मागच्या वर्षीचे ८ जीबीवाले पातळ लॅपटॉप चांगल्या सवलतीत मिळतात. ती सवलत का मिळते, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

तिसरी, तुमची शाखा. कॉम्प्युटरला पायथन, जावा, सी, सगळं मॅकवरही चालतं, विंडोजवरही. पण मेकॅनिकलवाल्यांनो, सॉलिडवर्क्स मॅकवर चालत नाही. ऑटोकॅडची मॅक आवृत्ती आहे, पण सर वर्गात विंडोजवर शिकवणार. आधी सीनियरला विचारा, मग दुकानात जा.

चौथी, बिघडला तर कुठे द्यायचा? कंपनीचा माणूस घरी येणार, की लॅपटॉप नाशिक-पुण्याला जाणार? किती दिवस लागणार? सबमिशनच्या आठवड्यात पंधरा दिवस लॅपटॉप नसणं म्हणजे काय, ते विद्यार्थ्यालाच माहीत. हे तोंडी ऐकू नका, वॉरंटीच्या कागदावर वाचा.

आणि पाचवी आपल्या भागासाठी, पंखा. रोज दुपारी तासन्‌तास जड काम असेल आणि खोलीत कूलर नसेल, तर बारीक आवाज करणारा का होईना, पंखेवाला लॅपटॉप बरा.

शेवटी बहिणीने काय घेतलं? १४ इंची, साधारण १.४ किलोचा, १६ जीबी रॅमचा, आत पंखा असलेला. यंदाचं मॉडेल नाही, मागच्या वर्षीचं, पण चिपची रचना खरंच नवी. नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही नाव लक्षात ठेवाल आणि वही ठेवायची राहील.

यंदाचं मॉडेल का नाही घेतलं? त्याच दुकानात होतं, चौदा हजारांनी महाग. फरक मुख्यतः एआयच्या कामांसाठीच्या भागाचा आणि थोड्या बॅटरीचा होता. तिच्या वहीत त्यातलं काहीच नव्हतं. मामा म्हणाला, ते चौदा हजार बियाण्याला लागतील, खरीप दोन महिन्यांवर आलाय.

तर "नवीन घेऊ का" असं मला विचारण्याआधी तुमच्या वहीचं एक पान भरा. मला पाठवायचं असेल तर त्या पानाचा फोटो पाठवा, लॅपटॉपची लिंक नको. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातली तीन-चार पानं घेऊन बोलू. ज्यांच्याकडे एम१ आहे आणि रोज फोर-के व्हिडिओ कापतात किंवा दोन मॉनिटर लावतात, त्यांनी तर नक्की पाठवा. तुमचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं निघू शकतं, आणि ते ऐकायला मला आवडेल.

काल बहिणीचा मेसेज आला होता, एसटीतून. "दादा, आज उभी होते पूर्ण रस्ता. बॅग आहे की नाही, दोनदा हात लावून बघितलं."

चला, आता पंखा लावतो. भेटू पुढच्या आठवड्यात. उन्हात फिरू नका, आणि लॅपटॉप गाडीच्या डिकीत ठेवू नका!